पहिली बॅच लांबून आलेल्यांना

आमच्या कामाचा हिशेब उलटा मांडावा लागतो. आधी उद्या सकाळची वेळ धरायची आणि तिथून मागे मागे येत आज रात्रीपर्यंत पोचायचं. साडेसातला रुग्णाच्या शिरेत पेट-सीटी स्कॅनचं किरणोत्सर्गी औषध जायचं असेल, तर त्या क्षणी सिरिंजमध्ये आठ-दहा मिलिक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) असायला हवं. हॉस्पिटलपर्यंत गाडीला तास-दीड तास लागतो. त्याआधी व्हायल भरणं, शिशाच्या डब्यात बंद करणं, कागदपत्रं. त्याआधी तपासण्यांना अर्धा तास आणि त्याच्याही आधी रासायनिक क्रियेला तेवढाच. या सगळ्या वेळात औषध थांबून राहत नाही, दर ११० मिनिटांनी ते निम्मं होत जातं. म्हणून सकाळच्या इंजेक्शनसाठी आमचा बीम, म्हणजे औषधासाठी लागणारा प्रोटॉनांचा झोत, रात्री एकच्या सुमाराला सुरू होतो.

मी मूळची कुडाळची. नवी मुंबईत, खाडीपासून फार लांब नसलेल्या एका मेडिकल सायक्लोट्रॉन युनिटात, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या यंत्राच्या केंद्रात, रेडिओकेमिस्ट आहे. श्रीवर्धन, दापोली, गुहागर, देवगड, सावंतवाडी अशा ठिकाणांहून माणसं पेट-सीटी स्कॅनसाठी इकडे येतात. सकाळी लवकर का बोलावतात, उपाशी का ठेवतात, कधी कधी आयत्या वेळी ‘आज औषध आलं नाही’ असं का सांगतात, हे त्यांना सहसा कोणी नीट समजावून सांगत नाही. मी त्या औषधाच्या बाजूला उभी असते, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे बनतं ते मुख्यतः एफडीजी, म्हणजे फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज. ग्लुकोजच्या रेणूतल्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून तिथे किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ बसवलेला असतो. पेशी त्याला साखर समजून आत घेते, हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडतं, पण पुढच्या पायरीवर गाडी अडते. रेणू पेशीतच अडकून राहतो. बऱ्याच कर्करोगांच्या पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा जास्त ग्लुकोज ओढतात, त्यामुळे त्या जागी फ्लोरिन-१८ साठतं. फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो, जवळच्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघं नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन गॅमा किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना निघतात. स्कॅनरचं कडं ते दोन्ही किरण एकाच वेळी टिपतं आणि दोन टोकांमधली रेघ आखतं. अशा कोट्यवधी रेघांतून शरीराचा नकाशा तयार होतो. यासाठी लागणारं फ्लोरिन-१८ वजनात मोजायचं झालं तर दहा मिलिक्युरी म्हणजे एका ग्रॅमचा सुमारे दहा अब्जावा भाग. ज्या औषधाचं वजन कुठल्याही तराजूवर येत नाही, त्याच्यासाठी आम्ही वीस टनांहून जड यंत्र चालवतो.

सायक्लोट्रॉनची कल्पना अर्नेस्ट लॉरेन्स यांची. १९३१ मध्ये बर्कलीत त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी लिव्हिंग्स्टन यांनी जो पहिला चालवला, तो तळहातावर मावेल एवढा होता. माणसाला एफडीजी पहिल्यांदा दिलं गेलं ते ऑगस्ट १९७६ मध्ये, फिलाडेल्फियात. औषध बनलं होतं ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत आणि तिथून ते विमानाने नेलं होतं. म्हणजे पहिल्या डोसपासून अंतराचा प्रश्न होताच. आपल्याकडे देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला.

रात्री मी पोचते तेव्हा ऑर्डर शीट आलेली असते. कुठल्या हॉस्पिटलला किती डोस, कितीच्या वेळेला किती मिलिक्युरी. त्यावरून बीम किती वेळ चालवायचा ते ठरतं. यात एक गंमत आहे, जी मला कामाला लागल्यावर नीट कळली. बीम दुप्पट वेळ चालवला म्हणून फ्लोरिन दुप्पट होत नाही. कारण टार्गेटमध्ये, म्हणजे बीम जिथे आदळतो त्या कुपीत, बनणारं फ्लोरिन तिथेच विरूही लागलेलं असतं. एक अर्धायुष्य, म्हणजे ११० मिनिटं चालवलं तर जास्तीत जास्त जेवढं बनू शकतं त्याच्या निम्मं हाती येतं, दोन अर्धायुष्यांत ७५ टक्के, तीनमध्ये साडेसत्त्याऐंशी. त्यामुळे दोन तासांच्या पुढे बीम ताणण्यात फारसा अर्थ नसतो. जास्त हवं असेल तर दुसरी बॅच लावायची. आमच्याकडे बहुतेक रात्री दोन बॅच असतात. पहिली पहाटे निघते, दुसरी सकाळी आठ-नऊला.

बीम सुरू करण्याआधी ऑपरेटर व्हॉल्टमध्ये, म्हणजे यंत्राच्या खोलीत, फेरी मारतो. सुमारे दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, आत मॅग्नेट. ठरावीक बटणं ठरावीक क्रमाने दाबत, आत कोणी नाही याची खात्री करत तो बाहेर येतो आणि दार लागतं. हा क्रम चुकला तर यंत्र बीम देतच नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत. आमच्या छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला, असतो, बोटात अंगठीसारखा दुसरा. वर्षाला कुठल्याही परिस्थितीत ३० मिलिसिव्हर्टच्या वर जायचं नाही, आणि पाच वर्षांची सरासरी २० च्या आत हवी. नीट काम केलं तर प्रत्यक्षात आकडा याच्या खूप खाली राहतो.

आमचं यंत्र १६.५ मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टचं आहे. आत हायड्रोजनचे ऋण आयन सोडतात, म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेला हायड्रोजन. मॅग्नेट त्यांना गोल वळवतं. ‘डी’ म्हणतात त्या पोकळ इलेक्ट्रोडांवरचा व्होल्टेज सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटसुलट होतो आणि प्रत्येक फेरीत आयनांना धक्का मिळतो. वेग वाढतो तसं वर्तुळ मोठं होत जातं. कडेला पोचल्यावर वाटेत कार्बनचा काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा येतो. तो दोन्ही इलेक्ट्रॉन सोलून घेतो. आता उरला नुसता धन प्रोटॉन, आणि त्याच मॅग्नेटमध्ये तो उलट बाजूला वळतो, थेट यंत्राबाहेर, टार्गेटवर. मला या सगळ्या यंत्रातली हीच जागा सगळ्यात सुंदर वाटते. त्याला बाहेर काढायला वेगळी ताकद लावावी लागत नाही.

टार्गेटमध्ये दोन-तीन मिलिलिटर पाणी असतं, पण साधं नव्हे. साध्या पाण्यातल्या ऑक्सिजनमध्ये ऑक्सिजन-१८ चं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास असतं. आम्हाला ते ९५ टक्क्यांच्या वर लागतं. असं समृद्ध केलेलं पाणी फार महाग, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा लागतो. प्रोटॉन ऑक्सिजन-१८ वर आदळतो, एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन-१८ उरतं. बीम पडत असताना त्या इवल्याशा कुपीतलं पाणी तापून उकळू लागतं, दाब चढतो. पुढच्या बाजूचा धातूचा पातळ पडदा हेलियमच्या झोताने थंड ठेवावा लागतो. पडद्यावरचं एखादं न दिसणारं भोक रात्र वाया घालवू शकतं.

किनाऱ्याजवळ असं यंत्र चालवण्याचे स्वतःचे त्रास आहेत. बीमला उच्च निर्वात लागतो. देखभालीसाठी टाकी उघडली की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि पाण्याचे रेणू भिंतींना धरून बसतात. जानेवारीत जो निर्वात लवकर मिळतो, त्याच्यासाठी जुलैत कितीतरी जास्त वेळ पंप चालवावे लागतात. म्हणून मोठी देखभाल आम्ही शक्यतो पावसाळ्याआधी उरकतो. हॉट लॅबमधली, म्हणजे किरणोत्सर्गी रसायनांच्या खोलीतली, कोरडी हवा टिकवायला यंत्रणा चोवीस तास चालू. रसायनंही ओलाव्याला नाजूक.

कारण पुढची पायरी म्हणजे ओलावा घालवणं. बीम थांबला की हेलियमच्या दाबाने ते पाणी केसाएवढ्या नळीतून भिंतीपलीकडे हॉट सेलमध्ये येतं. हॉट सेल म्हणजे जाड शिशाची पेटी, शिशाच्या काचेची खिडकी. आत हात घालायचा प्रश्नच नाही, सगळं संगणक करतो, आम्ही आलेखावर डोळे लावून बसतो. किरणोत्सर्गाची रेघ चढताना दिसली की कळतं, माल पोचला. फ्लोरिन एका छोट्या काडतुसात अडकतं, महाग पाणी पुढे निघून वेगळं साठवलं जातं. मग पोटॅशियम कार्बोनेट आणि क्रिप्टोफिक्स नावाचं संयुग घालून फ्लोरिन सोडवायचं. पाण्यातलं फ्लोराइड पाण्याच्या रेणूंनी इतकं वेढलेलं असतं की ते कशाशी क्रिया करायला तयार होत नाही. अॅसिटोनायट्राइलबरोबर पुन्हा पुन्हा उडवून ते सुकवलं की मोकळं होतं. मग मॅनोज ट्रायफ्लेट, म्हणजे ज्यावर फ्लोरिन बसवायचं तो साखरेचा रेणू. फ्लोराइड मागच्या बाजूने येऊन ट्रायफ्लेटला हुसकावतं, रेणूची त्या जागची मांडणी उलटते आणि मॅनोजच्या सांगाड्याचा ग्लुकोज होतो. ही पद्धत १९८६ मध्ये जर्मनीत युलिशच्या हामाखर, कोनेन आणि श्टोक्लिन यांनी मांडली आणि तिच्यामुळेच एफडीजी रोज, भरपूर, ठिकठिकाणी बनवणं शक्य झालं. त्यानंतर आवरण-गट, म्हणजे रेणूच्या बाकीच्या जागा झाकून ठेवणारे गट, काढायचे, काडतुसांमधून गाळून शुद्ध करायचं आणि शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून व्हायलमध्ये. पाण्यासारखंच दिसतं. चार-साडेचार क्युरी फ्लोरिन घेऊन निघालो असू तर अडीच-तीन क्युरी एफडीजी हाती लागतं.

मग माझं मुख्य काम. एक थेंबभर नमुना घेऊन तपासण्या. पीएच, रंग, गढूळपणा. ५११ ची रेषा दिसते का. अर्धायुष्य १०५ ते ११५ मिनिटांच्या दरम्यान येतं का. टीएलसी पट्टीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर, एफडीजी किती आणि सुटं फ्लोराइड किती. क्रिप्टोफिक्स उरलंय का, कारण ते विषारी आहे. अॅसिटोनायट्राइल मर्यादेत आहे का. फिल्टर फाटला नाही ना. आणि एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या कवचाचे अंश, जे शिरेत गेले तर माणूस तापाने फणफणेल. ही चाचणी ज्या पदार्थावर चालते तो लिम्युलस या समुद्री जीवाच्या निळ्या रक्तापासून बनतो. इंग्रजीत त्याला घोड्याच्या नालेचा खेकडा म्हणतात, तो खरा खेकडा नव्हे, कोळ्याच्या कुळातला. त्याचे भाऊबंद आपल्या देशात ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर सापडतात. समुद्राकाठी वाढल्यामुळे असेल, ती कुपी हातात घेताना दर वेळी मला त्या जिवाची आठवण होते.

एक तपासणी मात्र वेळेत होतच नाही. औषध निर्जंतुक आहे का हे पाहायला नमुना १४ दिवस वाढवावा लागतो. १४ दिवसांनी निकाल येतो तेव्हा औषध केव्हाच संपलेलं असतं आणि रुग्णही घरी गेलेला असतो. म्हणून आमच्या हातात उरतं ते इतकंच: प्रत्येक नळी, प्रत्येक सुई, प्रत्येक हातमोजा असा वापरायचा की त्या निकालात कधीच काही येऊ नये. बाहेरच्याला हा अतिरेक वाटतो. मला तो या कामाचा कणा वाटतो.

पहाटे साडेचार-पाचला पिवळी लेबलं लावलेले डबे गाडीत चढतात.

आता ज्या कारणाने हे लिहायचं मनात होतं तिकडे येते. गेल्या वर्षी आमच्या मामांना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, निघाला. केमोच्या दोन फेऱ्या झाल्यावर डॉक्टरांनी मधला पेट-सीटी सांगितला. मामीचा मला फोन.

“अगो, मगे ता इंजेक्शान हंयच धाडून दी. रातराणीच्या डायवराकडे दिलंस तर सकाळी आमी स्टँडार जावन घेताव. ह्यांका कशाक इतक्या लांब आणूचा?”

प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला कागदावर मांडून दाखवला तोच हिशेब इथे मांडते. पनवेलहून कुडाळला रस्त्याने दहा तास धरले, आणि महामार्गाची अवस्था पाहता ते जास्त नाहीत, तर सहाशे मिनिटं. म्हणजे जवळजवळ साडेपाच अर्धायुष्यं. दहा मिलिक्युरी कुडाळला हवं तर इथून चव्वेचाळीस पट पाठवायला हवं, एका माणसासाठी साडेचारशे मिलिक्युरीच्या आसपास. रत्नागिरीला सात तास धरले तरी चौदा पट. चिपळूणला पाच तास, सहा-सात पट. शिवाय पोचलेलं औषध एकटं कामाचं नाही, पेट-सीटीचं यंत्र शेजारी हवं. मामी मच्छी घेणारी बाई, तिला मी म्हटलं, “मामी, बांगड्याला बर्फ घातला की तो रात्रभर राहतो. याला बर्फ नाही.” थंड करा, गरम करा, दाबा, गोठवा, फ्लोरिन-१८ च्या केंद्रकाला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

सगळीच समस्थानिकं इतकी घाईची नसतात. हाडांच्या, थायरॉइडच्या, हृदयाच्या जुन्या ओळखीच्या स्कॅनमध्ये जे टेक्नेशियम-९९एम वापरतात, त्याचं अर्धायुष्य सहा तास. आणि ते ज्या मॉलिब्डेनम-९९ मधून निघतं त्याचं ६६ तास. मॉलिब्डेनम मुख्यतः अणुभट्टीत बनतं, त्याचा जनरेटर डब्यात घालून कुठेही पाठवता येतो आणि तिथे आठवडाभर रोज त्यातून टेक्नेशियम काढता येतं. उलट कार्बन-११ फक्त २० मिनिटं टिकतं, ऑक्सिजन-१५ दोन मिनिटं. ते सायक्लोट्रॉनच्या इमारतीबाहेर फार लांब जातच नाहीत. फ्लोरिन-१८ मधलं आहे. शहरभर जातं, जवळच्या शहरांत जातं, पण कोकणपट्टीच्या लांबीला पुरत नाही. म्हणून औषधाच्या जागी माणसाला प्रवास करावा लागतो.

मामा-मामी तुतारी एक्स्प्रेसने निघाले. मी फोनवर बजावलं होतं, रात्रीचं जेवण गाडीत लवकर उरका, नंतर फक्त साधं पाणी. पनवेलला उतरून चहा नाही, बिस्किट नाही. साखर जास्त असली तर पेशी ती आधी घेतात आणि आमचं औषध बाहेर ताटकळतं, म्हणून २०० मिलिग्रॅमच्या वर गेलेली रक्तशर्करा बहुतेक ठिकाणी चालत नाही. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगावी लागते: सामान उचलू नका. आम्ही कोकणातले रिकाम्या हाताने येत नाही. फणस खांद्यावर घेऊन पुलाचे जिने चढले तर खांद्याचे स्नायू साखर ओढतात आणि चित्रात ते उजळलेले दिसतात. मामांनी फणस आणला नाही, यावर मामीने बरीच कुरकुर केली.

ती रात्र जूनच्या सुरुवातीची. पाऊस लागला नव्हता, पण विजा सुरू झाल्या होत्या. पहिली बॅच अर्ध्यावर असताना दिवे मिचकावले. संगणक यूपीएसवर असतात, ते टिकले. रेडिओ फ्रिक्वेन्सीची यंत्रणा मात्र पडली, बीम गेला. ऑपरेटरने सगळं पुन्हा उभं करेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. अशा वेळी टार्गेटमध्ये आधी बनलेलं फ्लोरिन वाया गेलं असं वाटतं, पण तसं नसतं. त्यातलं चौथ्या हिश्शाहून थोडं कमी विरतं, बाकी तिथेच असतं. बीम परत लावला आणि पहिली बॅच उशिरा, जराशी हलकी, पण तपासण्यांत स्वच्छ उतरली.

खरा घोटाळा नंतर झाला. त्या विजेच्या झटक्यात थंड पाण्याचा चिलर बिघडला होता. मॅग्नेट आणि टार्गेट थंड ठेवल्याशिवाय दुसरी बॅच लावता येत नाही. दुरुस्ती करणारा माणूस येऊन ते सुरू होईपर्यंत उजाडणार होतं, म्हणजे दुसरी बॅच दुपारच्या आधी कुठल्याच हॉस्पिटलला पोचणार नव्हती. दुसऱ्या बॅचच्या सगळ्या रुग्णांनी एकतर दुपारपर्यंत उपाशी थांबायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी यायचं.

पहाटे चार वाजता आमच्या प्रमुख मॅडम, ऑपरेटर आणि मी शीट घेऊन बसलो. शीटवर रुग्णांची नावं नसतात. फक्त संख्या आणि वेळा. मला मात्र माहीत होतं की त्या दुसऱ्या बॅचच्या आकड्यांत एक आकडा कुडाळहून रात्रभर बसून आलेला आहे, कारण मामांची तारीख उशिरा मिळाली होती आणि उशिरा नोंद झालेल्यांना दुसरी बॅच मिळते. मी त्यांचं नाव घेतलं नाही. मी एवढंच विचारलं, की दुसऱ्या बॅचमध्ये बाहेरगावचे किती आहेत, हे आपल्याला कळू शकतं का? मॅडमनी सगळ्या हॉस्पिटलांना फोन लावायला सांगितले.

दोन ठिकाणी ते लगेच कळलं. एका ठिकाणी रुग्णाचं गाव विचारलेलंच नव्हतं, वजन आणि साखर तेवढी लिहिलेली. तिथल्या तंत्रज्ञाने पहाटे रुग्णांना एकेक फोन केले, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. शेवटी चित्र असं निघालं: दुसऱ्या बॅचमध्ये श्रीवर्धनचे एक गृहस्थ, देवगडची एक तरुण मुलगी, कुडाळचे एक. पहिल्या बॅचमध्ये वाशीचे, ठाण्याचे, डोंबिवलीचे बरेच. अदलाबदल करायची की नाही हे ठरवणारे आम्ही नव्हे, ते न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर. कोणाची केमो दुसऱ्या दिवशी आहे, कोणाला मधुमेह आहे, कोणाचं शस्त्रक्रियेसाठी थांबलंय, हे त्यांना माहीत. त्यांनी तपासलं, रुग्णांशी बोलले आणि तिघांना पहिल्या बॅचमध्ये घेतलं. ठाण्याच्या एका बाईंनी आपली वेळ आपणहून दिली, असं मागाहून कानावर आलं.

यावर आमच्याकडे नंतर वाद झाला, आणि तो व्हायला हवा होता. एका सहकाऱ्याचं म्हणणं, आधी नोंद करणाऱ्याचा आधी हक्क, त्यात गाव आणू नये. त्याचं म्हणणं मला कळतं. तरी मला ते पटत नाही. जवळच्या माणसाचा स्कॅन एक दिवस पुढे गेला तर तो घरी जाऊन जेवतो आणि उद्या पुन्हा उपाशी येतो. तोही त्रासच, आजारी माणसाला तर मोठाच. पण कोकणातून आलेल्याला रात्र काढायला जागा शोधावी लागते. बरोबर आलेल्याचा कामाचा आणखी एक दिवस बुडतो. परतीचं तिकीट जातं, आणि गणपतीच्या किंवा मे महिन्याच्या दिवसांत ते पुन्हा मिळत नाही. काही जण सरळ परत जातात, पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. लिम्फोमाच्या मधल्या स्कॅनला ‘पुढचा महिना’ चालत नाही, तो दोन फेऱ्यांच्या मधल्या ठरावीक दिवसांतच करायचा असतो, कारण त्यावर पुढचं औषध ठरतं.

आणि बॅच फसणं हे अपवादात्मक असलं तरी अशक्य नाही. पातळ पडदा फुटतो, काडतूस गळतं, टीएलसी पट्टीवर नको तो ठिपका दिसतो आणि मला ‘नापास’ लिहावं लागतं. तेव्हा जो माणूस दुसऱ्या बॅचवर आहे त्याच्या मागे काहीच उरत नाही. पहिल्या बॅचवर असलेल्याच्या मागे निदान दुसरी असते. म्हणून माझं म्हणणं, लांबून आलेला माणूस पहिल्या बॅचवर असावा, वैद्यकीय कारण आड येत नसेल तर. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालतात, वेळापत्रकच वेगळं असतं, गाडी तास-दोन तास उशिरा आली तर त्यालाही दुसऱ्या बॅचचा आधार राहतो.

मॅडमनी ते मान्य केलं. आमच्या ऑर्डर शीटवर आता बाहेरगावच्या रुग्णांची संख्या वेगळी येते. सगळी हॉस्पिटलं अजून ती भरत नाहीत. जी भरत नाहीत त्यांना मी संध्याकाळी फोन करते. तारीख घेताना आपण स्वतःच सांगावं हे उत्तम: गाव कुठलं, कुठल्या गाडीने येणार, परतीचं तिकीट कधीचं, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे का. आणि पोचायला उशीर होतोय असं दिसलं तर गाडीतूनच कळवावं. तुमच्या नावाचा डोस तिथे विरत असतो, वेळीच कळलं तर तो दुसऱ्याला देऊन तुमच्यासाठी नंतरचा ठेवता येतो.

मामांना सव्वानऊला इंजेक्शन मिळालं. मग तासभर अंधाऱ्या खोलीत, न बोलता, पांघरूण घेऊन पडून राहायचं. थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी साखर खाते, म्हणून पांघरूण. स्कॅन वीसेक मिनिटांचा. लिम्फोमात या चित्राला एक ते पाच गुण देतात, गाठींची चमक यकृताशी आणि छातीतल्या रक्ताशी ताडून. फ्रान्समधल्या डोव्हिल गावी २००९ मध्ये ही पद्धत ठरली. मामांचे गुण दोन आले. डॉक्टरांनी तीच औषधं पुढे चालू ठेवली.

त्या रात्रीच्याच तुतारीने ते परत निघाले. मी पनवेलला गाठायला गेले तेव्हा मामीने बाजूला घेऊन विचारलं, “ह्येंनी नातवाक मांडयेर घेतल्यानी तर चलात मां?” नातू आठ महिन्यांचा. हॉस्पिटलात तिला सांगितलं होतं की आज दिवसभर लहान मूल आणि गरोदर बाईपासून लांब राहा, पाणी भरपूर प्या, आणि तिच्या डोक्यात ते कायमचं बसलं होतं. मी तिला सांगितलं, इंजेक्शन सव्वानऊचं. गाडी कुडाळला पोचेपर्यंत चोवीस तास होतील. तोवर त्यातला हजारावा भागसुद्धा शिल्लक नसेल, लघवीवाटे गेलं ते वेगळंच. घरी गेल्या गेल्या घेतलं तरी चालेल.